तळ्याकडचं दार

मी, रंगुबाई भ्र. मच्छिंद्र दळवी, वय अंदाजे सत्तर, धंदा परीटकाम, राहणार तळ्याकाठची आळी, दौंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. शाळा दुसरीपर्यंत, म्हणून अक्षर वाकडे आहे. डोके सरळ आहे. कुणाचा दाब नाही. माझ्यावर दाब टाकणारा माणूस अजून या आळीत राहायला आलेला नाही.

१) घर माझे स्वतःचे. नवरा वारल्यावर गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या मोडून घेतले. तेव्हा तळ्याकाठी परटांखेरीज कुणी राहायला धजत नव्हते. डास, ओल आणि आम्हा परटांची आदळआपट. साऱ्या घरांची दारे रस्त्याकडे, पाण्याकडे नुसती भिंत. दीर कोंडिबा म्हणाले, "वहिनी, पाण्याकडं दार ठिवलं तर घरची लक्ष्मी वाहून जाती." मी म्हणाले, "भावजी, आधी असंल तर जाईल." आणि पहार घेऊन भिंत मीच फोडली. भावजी वर्षभर बोलले नाहीत. ते वर्ष सुखात गेले.

आता त्याच दारात ते रोज संध्याकाळी येऊन बसतात. चैत्रात सारे दौंड भाजते, इथे वारा पाण्यावरून गार होऊन येतो. सकाळी उन्हाचे कवडसे आढ्यावर हलतात. पलीकडच्या काठावर सोजराबाई सुनेला काय बोलते ते शब्दन् शब्द ऐकू येते, पेपर लागत नाही. आळीतल्या बायका धुणे घेऊन माझ्याच घरातून पाण्यावर उतरतात. पण "दार बरोबर केलं" एवढे भावजींच्या तोंडून तेवीस वर्षांत निघालेले नाही.

२) मुलगा पोपट हे घर एका डॉक्टरला विकू म्हणतो. डॉक्टरांना तळ्याची हवा पाहिजे, बंगला आणि भोवती भिंत पाहिजे. पोपट म्हणाला, "आई, स्टेशनापाशी खोली घेऊ. हितं डास खात्यात." मी म्हणाले, "मोठी माणसं डास विकत घ्यायला आली आन् तुला फुकटचे न्हाई सोसत?"

सबब घर पोपटला नाही. त्याला कोळशाची इस्त्री. जड आहे, भांडताना हातात घेऊ नये.

३) घर पोपटच्या मुलीला, माझी नात नकुशी हिला. चौथी मुलगी म्हणून नाव बापाने ठेवले, मला कुणी विचारले नव्हते. न्हावरे गावी दिली, सासरच्यांनी परत पाठवली. तिथे विहीर लांब होती, नवरा त्याहून लांब. इथे तिला कुणी ऊठ म्हणू नये. तिने घर विकू नये, दार बुजवू नये, बायकांना अडवू नये.

४) माझा धुण्याचा दगड शेजारच्या लालबीला. वीस वर्षे तिचा त्यावर डोळा आहे.

५) कोंडिबांना त्या दारात मरेपर्यंत बसू द्यावे, पण मी जिवंत असताना, चारचौघांत, दार बरोबर होते असे कबूल करतील तरच. नाहीतर रस्त्याकडच्या ओट्यावर उन्हात बसावे.

वरील सर्व मोठ्याने वाचून दाखवले आणि त्याच दारात बसून सही केली.

दौंड, ता. ९ एप्रिल १९६१
रंगुबाई मच्छिंद्र दळवी

साक्षीदार
१) बाबुलाल सुभान तांबोळी, शेजारी. माझ्यासमोर सही झाली.
२) कोंडिबा सखाराम दळवी. माझ्यासमोर सही झाली. वारा चांगला आहे.

वाऱ्याचे विचारले नाही. – रंगुबाई

दार बरोबर हाय, वहिनी. भिंत फोडली तवाच कळलं होतं. – कोंडिबा