पहिल्या पाण्याचे मानकरी

चि. फुसाए हिला कियोताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? तुमच्या मात्सुएला बर्फ पडला असं टीव्हीवर सांगत होते. एकटी आहेस, अंगणातला बर्फ ओढायला जाऊ नकोस. आमच्याकडे सारं क्षेम आहे, म्हणजे ह्यांचं आहे, आणि या घरात क्षेम मोजायची तीच पद्धत आहे.

तुझे भावोजी आता प्रसिद्ध गृहस्थ झाले आहेत. विद्यापीठातून ओरिहारा नावाची एक मुलगी आली होती (मुलगी कसली, डॉक्टर आहे, पण माझ्या नातीएवढी). रोज गरम पाण्यात डुंबणं आणि हिरवा चहा यांनी म्हाताऱ्या माणसांची प्रकृती कशी राहते, याचा ती अभ्यास करते. ह्यांना तपासून तिनं तोंडात बोटं घातली. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या इतक्या लवचिक नसा तिनं पाहिल्याच नव्हत्या. मग मला तपासलं. रक्तदाब चढलेला, गुडघे सुजलेले, बोटं गारठलेली. बिचारी गोंधळली. एकच घर, एकच टब, एकच चहा, आणि फळ मात्र एकालाच. "बायकांची जातच नाजूक हो," ह्यांनी खुलासा केला. ज्या नाजूक बाईनं पाठीवर टोपल्या वाहून ह्यांचा चहाचा मळा सांभाळला, ती तेव्हा ह्यांच्याच कपात चहा ओतत होती.

ओरिहाराची शेवटची बस चुकली, म्हणून ती राहिली. पाहुणीला पहिलं पाणी द्यायचं, हा तर आपला धर्मच. (ह्यांचा चेहरा पाहायला हवा होतास, पण परक्यापुढे बोलणार काय?) तिच्यामागून टबातल्या त्याच पाण्यात हे उतरले आणि मनसोक्त डुंबले. ती प्रत्येकाच्या पाळीला पाण्यात तापमापक धरत होती. भांडीकुंडी आवरून मी गेले तेव्हा तिनं तो बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. पारा इतका खाली, की तिला वाटलं, बिघडला. पाण्यात सोडलेल्या युझूच्या लिंबांचीही तोवर चिपाडं झाली होती.

"आजी, रोज असंच?"

"पहिलं पाणी अंगाला बोचतं गं. शेवटचं मऊ असतं."

हे मला सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या शिकवलं होतं. त्यांच्या मुलाला ते पाणी जन्मभर बोचत आलं, पण त्यानं कधी हूं की चूं केलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा वाटलं, आपला नंबर वर सरकेल, तर तोवर आमचे चिरंजीव मोठे झाले होते. तेही शहरात गेले. आता दोघंच उरलो, तरी शेवटची मीच. (गॅस लावून पाणी पुन्हा तापवता येतं, पण त्या बटणाजवळ मी गेले की ह्यांना खोकला येतो.) चहाचंही तेच. पहिला उतारा ह्यांना, दुसराही ह्यांना, आणि त्याच पत्तीवर तिसऱ्यांदा पाणी ओतून जे काही निघतं, त्याला मी चहा म्हणते.

ओरिहारानं जाताना ह्यांच्यासमोरच सांगितलं, आजींना रोज आधी कढत पाण्यात बसू द्या, नाहीतर हे गुडघे उन्हाळ्यापर्यंत साथ देणार नाहीत. हे मान डोलावत होते. मला वाटलं, जमलं. पण पुढच्याच आठवड्यात गावच्या वर्तमानपत्रात ह्यांचा फोटो आला, अंगात कापूस भरलेली बंडी, हातात कप, आणि खाली छापलं होतं की पत्नीही हीच दिनचर्या पाळते. (फोटोत मीही आहे. किटली धरलेला हात माझा.) त्या संध्याकाळी मी टॉवेल घेऊन उठले, तर हे म्हणतात, "अगं, असं कसं? अभ्यास अजून वर्षभर चालायचाय. मधेच सवय बदललीस तर त्या पोरीचं संशोधन नासेल ना."

फुसाए, मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले, कारण मला माझे गुडघे हवे आहेत, आणि ह्यांनी ते संशोधनाला देऊन टाकले होते. बाकी सर्व ठीक.

तुझी,
कियोताई

ता. क. पुढच्या महिन्यात मला बोलाव. फोन ह्यांना कर, आणि बहीण म्हणून नको, रीतसर पाहुणी म्हणून बोलाव. पाणी किती तापवायचं ते तू ठरव, फक्त माझ्याआधी त्यात कुणी उतरलेलं नसावं.

पुन्हा ता. क. किती दिवस राहणार, ते विचारू नकोस. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, हे मलाही ठाऊक आहे. जाऊ दे. अक्कल शाबूत होती तोवर जन्मभर शेवटच्या पाण्यातच बसले.