आईची झाकलेली बादली

प्रिय चिमणे,

पत्र मिळाल्या मिळाल्या आईला फोन लावू नकोस. आधी सगळं वाच.

आपली पैज तुझ्या लक्षात आहेच. वांग्याचा वाफा अर्धा तुझा, अर्धा माझा. तुझ्यात गांडूळखत आणि तू पाठवलेली जिवाणू खताची पाकिटं, माझ्यात नेहमीचा युरिया. तुझी वांगी जास्त निघाली तर नोकरी सोडून तू मळा सांभाळायचा. माझी निघाली तर विषय बंद. मी कसला हरतोय म्हटलं! डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंनी वांगी पिकत असतील तर मीही हवेवर जगेन.

पण तुझी रोपं अशी तरारली की माझं डोकंच फिरलं. कुठंतरी पाणी मुरतंय, हे नक्की. त्यात तुझी आई रोज सकाळी चहाआधीच झाकलेली बादली घेऊन मळ्यात जायला लागली. विचारलं तर म्हणे, भांडी धुतलेलं पाणी. अगं, भांड्यांच्या पाण्यावर झाकण कोण ठेवतं? मी ताडलं, पोरगी परत यावी म्हणून ही बया माझाच युरिया चोरून तुझ्या वाफ्यात घालतेय. मायलेकींचं संगनमत! तुझ्यावरही संशय घेतला, खोटं कशाला बोलू.

शेवटी एका सकाळी काकडीच्या मांडवाआड दबा धरून बसलो. डास फोडून खात होते. आई आली, तुझा अर्धा वाफा ओलांडून सरळ माझ्यात शिरली आणि बादलीत तुझ्या पाकिटातलं खत कालवलेलं, रिकामं पाकीट तिच्या कमरेलाच खोचलेलं, ते पाणी माझ्या वांग्यांच्या बुडाशी ओतायला लागली. वर झाडांनाच सांगत होती, ह्यांची फजिती झाली तर महिनाभर घरात तोंड उघडायचे नाहीत, जरा तरी धरा रे बाबांनो. हसावं की रडावं कळेना. गुपचूप बसून राहिलो.

काल शेवटचा तोडा झाला. माझी वांगी दोन टोपल्या जास्त भरली! तुझ्या आईचा हात सढळ, घालायला लागली की थांबणं नाही. आता जीभ चावून हिंडतेय, तुझी खोली झाडते आणि डोळे पुसते. तिला वाटतंय, आपल्यामुळे पोरगी हरली.

माझ्या मातीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा गांडुळं निघाली, ती काय युरियाने बोलावली? पैज तू जिंकलीस, चिमणे. राजीनामा दे आणि ये. आईला मी सांगेन, बाबाने मोठ्या मनाने परवानगी दिली. बादलीचं मात्र तिच्यापुढे कधी काढू नकोस. बिचारीने एवढी खटपट करून मला जिंकवलंय.

तुझाच संशयी,
बाबा