चुंबकाला न लागलेलं

१४ सप्टेंबर
यंदाही कॉलेजकडून तासांचं बोलावणं नाही. मराठीचे तास कोणाला दिले, विचारलं नाही. आबांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसलो. फिल्टर पुसून मांडणीत लावले.

नेसरीहून एकजण जुन्या जीपचं तेल बाटलीत घेऊन आला. घ्यावी की नको? आबांनी तेलात चुंबक बुडवलं. जुन्या कर्ण्यातलं, गोल, काळं. वर काढून बोट फिरवलं, बोटावरचा लोखंडाचा चिखल दाखवला. "घेऊ नगा. रिंगा गेल्यात." माणूस पाया पडून गेला.

वडिलांचं चुंबक म्हणजे इकडे कोर्ट. अपील नाही.

१६ सप्टेंबर
आबा, दाजी, मी. मुरगूडला. अक्काच्या पाटल्या मोडून जुना ट्रॅक्टर घ्यायचा आहे. दाजींनी कागलच्या एमआयडीसीतलं काम सोडलं. हंगामात ऊस ओढणार.

विकणाऱ्याने तेल नवं भरलेलं. चुंबक कोरं निघालं. "घ्या पावणं. बिनघोर घ्या." विसार दिला.

जावयाला भेट म्हणून दुकानातला नवा फिल्टर. मी चढवला. जुना पिशवीत टाकला. तेल नवं आणि फिल्टर जुना. विकणारा चिकट आहे, एवढंच वाटलं.

१७ सप्टेंबर
तो फिल्टर कापला. आतला कागद दाबून तेल काढलं, दारात उन्हात पसरला.

तांबूस पिवळे कण. घड्याघड्यांत. चुंबक फिरवलं, एकही हलला नाही.

बेरिंगचं वरचं अस्तर झिजलं की खालचं तांबं सुटतं. तांबं चुंबकाला लागत नाही. शाळेच्या पुस्तकात आहे हे.

आबांपुढे कागद धरला. त्यांनी डोळे बारीक केले. मोतीबिंदू वाढलाय, ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत.
"चुंबकाला लागलं?"
"नाही. पण हे बेरिंगचं..."
"मग? इंजनात लोखंड असतंय. पितळ रुखवतात."
"विसार गेला तर जाऊ दे. दाजींना थांबवा."
"शब्द दिलाय मी. तू कविता शिकीव जा."
तेही आता नाही.

१८ सप्टेंबर
अक्काला फोन. सगळं सांगितलं. ती कांदा चिरत होती, आवाज येत होता.
"आबांनी बघितलंय न्हवं?"
"बघितलंय, पण"
"मग झालं की. विजू, तुझं न्हाय जमलं म्हणून ह्यांचं बी जमू नये व्हय?"
तिने फोन ठेवला.

दुपारी व्यवहार झाला. पेढे आले. एक खाल्ला.

खंडेनवमी
दाजींनी फोटो पाठवला. बॉनेटवर झेंडूची माळ, अक्का आरतीचं ताट घेऊन. हसतेय.

दुकानात आबांनी तराजू, पाने, चुंबक मांडून पूजा केली. हळद वाहिली. चुंबकावर पिवळं काही चिकटलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

२१ नोव्हेंबर
हंगाम सुरू. दाजी आले. उभ्यानेच चहा.
"इंजन तापलं की तेलाचा लाल दिवा लुकलुकतोय."
"मग?"
"वायर काढून टाकली. सारखं ध्यान तिकडंच जातंय."
आबा हसले. जावयाच्या विनोदाला हसतात तसं.

म्हणालो, तेलाचा दाब पडतोय, इंजिन आत्ताच खोला, बेरिंग बदला. "भर हंगामात? तोडणीची टोळी मला उसाबरोबर मोळीत बांधंल."

फिल्टरही त्यांनी मुरगूडात दुसराच बसवलाय. "आटं बसलं, रबर बसलं. आणि काय पायजे?" आत कागद किती, झडप कुठल्या दाबाला उघडते, हे आट्यांवरून कळत नाही. झडप लवकर उघडली तर तेल कागद चुकवून तसंच बेरिंगकडे जातं. सांगितलं.
"व्हय सर," दाजी म्हणाले.

११ डिसेंबर
अक्का आणि दाजी, सकाळीच. इंजिनातून ठोका येतोय. ट्रॅक्टर रानात, भरलेल्या ट्रॉल्यांसकट उभा. टोळी बांधावर बसून. दाजींनी फिल्टर काढून आणलेला. आबांनी बघावं, मग ठरवायचं, ओढायचं की खोलायचं.

मी कापला. आबांनी कागदावर चुंबक फिरवलं. कोरं. पुन्हा फिरवलं. मग चुंबक बाजूला ठेवून अंगठ्याने कागद चाचपला. बराच वेळ.
"चुंबक कोरं हाय," म्हणाले. चालवा, असं म्हणाले नाहीत. दाजी वाट पाहत राहिले.
मग माझ्याकडे न बघता, "उन्हात न्हे. तुला काय दिसतंय बघ."
आजवर असं विचारलं नव्हतं.

कागद दाराबाहेर नेला. अक्का मागोमाग आली. कागदाची दुसरी कड धरली. मनगटात काचेच्या बांगड्या. कागद पिवळ्या कणांनी नुसता चमकत होता.
"आबांम्होरं बोलू नको," ती हळू म्हणाली. "मला सांग."
आतून आबा. "काय दिसतंय रं?"
"बघतोय," मी म्हणालो.