मावशीच्या वाट्याची महागाई

होनिआरा,
शनिवार, दुपार

ती. स्व. मामा,

नमस्कार. मामींना वेगळा नमस्कार आणि तुमच्या डाव्या गुडघ्याला त्याहून वेगळा, कारण सध्या घरात खरा मान त्याचाच आहे असं मामी कळवतात. सुपारी बेताने खाता ना? (नाही खात, मला ठाऊक आहे.) इकडे आम्ही मजेत. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची नेस्टा मावशी, रोज बाजारात सुपारी विकायला बसते, रोज कुणाशी तरी भांडते आणि तब्येतीने ठणठणीत आहे.

तुमचा निरोप पोचला. रेडिओवर महागाईची बातमी ऐकून तुम्ही फ्रेडसनच्या घरच्यांकडे माझ्यासाठी वधूमोल म्हणून शंखमण्यांच्या पाच माळांऐवजी आठ मागितल्यात म्हणे. त्याच्या आईने त्या दिवसापासून अंथरूण धरलंय आणि आमचं लग्न जिथल्या तिथे थांबलंय. पण मामा, माझी तक्रार म्हणून नाही हं. बाबा गेल्यावर तुम्हीच माझं सगळं केलंत, बोलणी करायचा हक्क तुमचाच. मी फक्त ती बातमी कुठून आली तेवढं सांगते, कारण ती माझ्याच टेबलावरून आली.

कचेरीत मी महागाईचं मॉडेल बांधते. म्हणजे असं, की एका बाजूने तांदूळ, रॉकेल, बोटीचं भाडं, सुपारी यांचे भाव आत घालायचे आणि दुसऱ्या बाजूने पुढच्या वर्षीची महागाई बाहेर पडते. (निदान साहेबांना मी तसं सांगितलंय.) तांदूळ-रॉकेल जहाजाने येतं, त्याची बिलं असतात. घोडं अडतं सुपारीवर. ज्या पुस्तकांतून मी हे शिकले त्यांत सुपारी नाहीच, आणि इथे तर लोक एक वेळ जेवण टाळतील पण सुपारी नाही. त्यातून आपल्या बाजारात वाट्याचा भाव कधी हलत नाही. दोन डॉलरचा वाटा म्हणजे दोन डॉलरचाच. सुपारी महागली की वाटा बारीक होतो, बस्स. म्हणून दर शुक्रवारी एक वाटा विकत घ्यायचा आणि त्यातल्या सुपाऱ्या मोजायच्या, असं मी ठरवलं. आता वाटा घ्यायचा कुणाकडून? मावशीकडूनच! शेजारच्या बाईकडून घेतला असता तर ती वर्षभर माझ्याशी बोलली नसती.

झालं काय, की अख्खं होनिआरा महागाईच्या नावाने बोटं मोडतंय आणि माझं मॉडेल सांगतंय, सुपारी स्वस्त होत चाललीय. कारण मावशी मला बघते, "किती वाळलीस गं! ती मेली कचेरी खायला घालत नाही का तुला?" म्हणते आणि वाट्यावर आणखी दोन मुठी टाकते. लग्न ठरल्यावर तर फ्रेडसनचाही हिस्सा त्यात पडायला लागला. साहेबांनी तो आलेख बघून मला विचारलं, "जोयलिन, ही सुपारी कुठल्या देशातली?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेव्हा सुपारी आणायला असा माणूस हवा होता, जो कुणाचाच कुणी लागत नाही. असा माणूस या गावात शोधून दाखवा तुम्ही! इकडे नाव विचारलं की तिकडे तो कुणाचा तरी मेव्हणा निघतो. शेवटी ब्रिस्बेनहून आलेले आमचे सल्लागार ग्रॅहम यांना पिटाळलं. मावशीने त्यांच्यापुढे परक्याचा वाटा ठेवला, अगदी रोड. झालं! मॉडेलने टुणकन उडी मारली, महागाई भडकली, आणि साहेबांनी आनंदाच्या भरात मला न विचारताच ते रेडिओला देऊन टाकलं. ते ऐकून तुम्ही मावशीला पाठवता त्या सुपारीच्या पोत्याचा भाव चढवलात (मावशी तुमच्या नावाने जे बोलली ते लिहिता येत नाही), त्यामुळे सुपारी थोडी खरंच महागली, आणि मॉडेल अचूक निघालं म्हणून साहेबांनी माझी नोकरी कायम केली. "महागाईबद्दल लोकांना काय वाटतं" अशी एक जागा मॉडेलात असते. आकडे नाहीत म्हणून ती मी रिकामी सोडली होती. आता तिथे तुम्ही बसलात.

पण पुढची गंमत ऐका. तिसऱ्या शुक्रवारी ग्रॅहम टोपी भरून सुपारी घेऊन आले. मी धावत मावशीकडे गेले. तर म्हणते, "अगं, आई त्याची तिकडे लांब, हा इथे एकटा डब्यातला मासा खातो. आत्ता कुठे तोंड रंगवायला शिकलाय बिचारा, त्याला काय मोजून देऊ?" आता ते रोज दुपारी तिच्या शेजारी लाल दात काढून बसतात आणि तिला मावशी म्हणतात. सुपारी पुन्हा स्वस्त! सोमवारी साहेबांना हे सगळं सांगायचंय. खरं तर मला रडू यायला हवं होतं, पण मी घरापर्यंत हसत आले. माझं सगळं छान चाललंय, मामा. काळजी नसावी.

तुमची भाची,
जोयलिन

ता. क. : तर आठ माळांचं एवढंच, की ती महागाई ग्रॅहम परके होते तेवढ्यापुरतीच होती. फ्रेडसनकडे तुम्ही परक्याच्या भावाने मागताय. तो तर आता तुमचा जावई होणार ना?

आणखी एक ता. क. : हे पत्र घेऊन तुमच्या दारात घामाघूम उभा असलेला उंच मुलगा तोच. बोटीच्या इंजिनावर असतो, बोलतो कमी. पत्रात काय आहे ते त्याला माहीत नाही. पाहुण्यापुढे तुम्ही सुपारी ठेवालच. किती ठेवलीत ते मोजून ये, एवढंच मी त्याला सांगितलंय. सोमवारी मॉडेलात तोच आकडा घालणार आहे.