ओव्याचं पाणी आणि पाचवा महिना

६ जाने., मंगळ.
पाचवा लागला. पोट ढोल. सकाळच्या ऑफिसच्या कॉलवर म्यूट करायचं राहिलं आणि खणखणीत ढेकर! मग कुणीतरी म्हणालं, "नेटवर्क असेल." देव त्याचं भलं करो.
खालून घरमालकीण मावशींची पावट्याची आमटी आली. "पोटुशीनं न्हाई म्हणू न्हाई." दोन वाट्या ओरपल्या. आता भोगा.

८ जाने.
डॉ. बाईंकडे. थोडं थोडं खा, पावटा-हरभरा बंद, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, मनाने गोळ्या नाहीत. गॅस बहुतेकींना होतोच म्हणाल्या. या दिवसांत आतडी मुद्दाम सुस्तावतात, अन्नातलं सगळं सत्त्व पुरेपूर शोषलं जावं म्हणून.
मला न विचारता! मी मीटिंगमध्ये बसलेली आणि आत हा कारभार चालू. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.
हालचाल? अजून नाही. "पहिल्यांदा उशिराच कळतं. वाट बघा." बावीसला सोनोग्राफी.
वाट बघणंच जमत नाही. गेल्या वेळी तिसऱ्यातच सगळं संपलं, तेव्हाही मला आधी काही कळलं नव्हतं. आपल्याच पोटातलं आपल्याला कळत नाही. भीती तीच.

११ जाने., रवि.
मावशी वर आल्या. "शुक्रवारी चोरओटी भरू. गाजावाजा न्हाई. तू, मी आन् नारळ."
मी नको म्हटलं. अजून काही हललं नाही, हलल्याशिवाय पदर पसरणार नाही.
त्यांनी ताणून धरलं नाही. मग बेंबीभोवती लावायला हिंगाची पुडी ठेवून गेल्या. "निदान ग्यास तरी जाईल."
नवरोबा निखिल म्हणे, बाळाच्या आधी आईलाच! लावला. खोलीभर फोडणीचा वास.

१४ जाने.
काल भोगी. मावशींच्या भाजीत पावटा, हरभरा, घेवडा... डॉ. बाईंनी बंद केलेलं सगळं एकाच पातेल्यात. मी एक चमचा घेऊन थांबले तर, "न खाई भोगी तो सदा रोगी. आमी काय पोरं काढली न्हाईत व्हय?" वाटीभर खाल्ली. भाकरी, वर लोणी. काय चव!
संध्याकाळी बेंबीच्या खाली डावीकडे बुडबुडे. ओव्याचं कोमट पाणी प्यायल्यावर ते थांबले.

१६ जाने.
पुन्हा तिथेच, डावीकडे. मावशींना सांगितलं. "ग्यासच आसल. माझाच पावटा नडला गं." बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या. पुन्हा ओवा. गेला.
नि.ला हौस, पोटाला कान लावून बसतो. काय ऐकू येतं? "गुरगुर."

१९ जाने., सोम.
परवापासून फक्त मुगाचं वरण-भात, जेवण झालं की प्लॉटिंगच्या रस्त्याने फेरी. पोट हलकं. ढेकर नाही, काही नाही.
सकाळी उपाशीपोटी कॉलला बसले. माझं नाव पुकारलं, अनम्यूट केलं, आणि टुक. तिथेच. गॅस इकडून तिकडे फिरतो, मला आता त्याच्या सगळ्या वाटा पाठ आहेत. हे फिरलं नाही. जागच्या जागी, आतून कुणी बोटाने टिचकी मारावी तसं. पुन्हा टुक.
मॅनेजर विचारतोय, ऐकू येतंय का? मी काय सांगायचं होतं तेच विसरले.
म्हणजे भोगीपासून... मी त्याला ओवा पाजत होते. ते बिचारं दार वाजवतंय आणि मी म्हणतेय, गॅस आहे, गॅस आहे.
रडले. हसले. कॅमेरा बंद होता म्हणून बरं.

२० जाने.
काल दुपारपासून काहीच नाही. नि. हात ठेवून बसला. गुळाचा खडा खाल्ला, डाव्या कुशीवर पडले. नाही.
कालचं खरं की मला हवं होतं म्हणून वाटलं? सोनोग्राफी परवा. तोवर नुसतं हे: काल तिथे कुणीतरी होतं. इतकं मला कळलं. गेल्या वेळी एवढंसुद्धा कळलं नव्हतं.
खाली गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, शुक्रवारी भरा ओटी.
"का गं, हाललं?"
मी त्यांच्याजवळ खाली बसले. मावशींनी सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसला आणि माझ्या पोटावर ठेवला. दोघी तशाच बसून होतो कितीतरी वेळ...