दम तुटल्यावर

आण्णा, काल आपल्या युसूफ वडगावला गेलो होतो, कबड्डीच्या सामन्यांना पाहुणा म्हणून. हार घातला, शाल दिली. बाजारतळामागचं तेच मैदान, फक्त आता मातीवर मॅट टाकतात. चढाईपटूचा पाय माझ्या पंजातून सुटत नसे म्हणून लीगने मला घेतलं, असं सूत्रसंचालक सांगत होता. मी मान खाली घालून ऐकत होतो.

त्या वर्षी पाऊस नव्हता, ऊस नव्हता, सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. निम्मे कामगार घरी बसवले, तशी कारखान्याच्या संघात माणसं कमी पडली आणि चाळिशी उलटलेले तुम्ही पुन्हा चड्डी चढवून उतरलात. समोर गावाचा संघ, डाव्या कोपऱ्यात मी. पुण्याहून आलेले निवडकर्ते खुर्चीवर बसलेले. तुम्ही कबड्डी-कबड्डी म्हणत आत येता, बोनस रेषेपलीकडे पाय टाकता आणि मी घोटा धरतो. तुम्ही वळता, गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजतं. दम सोडून तुम्ही हळूच म्हणता, “सोड रे, गुडघा गेला.” दम तुटला म्हणजे तुम्ही बादच होतात. पंचांची शिट्टी व्हायला क्षणभर उशीर झाला. तेवढ्यात मी तुम्हाला आणखी एकदा ओढून पिळलं. लोक टाळ्या वाजवत होते. तुमचं बोलणं मला ऐकू आलं होतं आण्णा.

माझी निवड झाली. कारखाना बंद, म्हणून दसऱ्यानंतर तुम्ही आणि माय दुसऱ्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणार होता, पण त्या पायानं मोळी उचलणं शक्य नव्हतं. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, तशी माय एकटीच अर्धा कोयता म्हणून मामाच्या टोळीत गेली. मी शिबिरातून चार दिवस आलो, तेव्हा तुम्ही पाय लांब करून चुलीपुढं भाकरी थापत होता. कडा फाटत होत्या. टँकरचं पाणी आणायला मी उठलो तर म्हणालात, “बस. तुला खेळायचं हाय.” जेवताना तुम्ही एकदाच तो विषय काढला.

“दम तुटला की सोडायचं असतं लेका.”

“ऐकू न्हाई आलं, आण्णा.”

“आसंल. लई गलका हुता,” म्हणालात आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकलीत.

पुढं आठ हंगाम खेळलो. विमानं, हॉटेलं, दोनदा निखळलेला खांदा. गुडघ्याचं ऑपरेशन करू म्हटलं की तुम्ही हसायचात, “आता मला कुठं पळायचंय?” लंगडत बाजारात जायचात आणि कुणी विचारलं तर जुनं दुखणं म्हणायचात.

तुम्ही गेलात तो फोन सकाळी आला. संध्याकाळी सामना होता. प्रशिक्षक म्हणाले, जायचं तर जा, पण कोपऱ्यात आज नवा खेळाडू उभा करावा लागेल. मी खेळलो. तीन पकडी केल्या. नंतर कॅमेऱ्यापुढं डोळे पुसत म्हणालो, काहीही झालं तरी मैदान सोडू नको, अशी वडिलांची इच्छा होती. सकाळी घरी पोचलो, तोवर बर्फाच्या लाद्या लावून तुम्हाला माझ्यासाठी थांबवलं होतं. मायनं टीव्हीवर मला पाहिलं होतं. तिनं एवढंच विचारलं, “तुला कवा म्हनले आसं?”

“फोनवर,” मी म्हणालो.

“माज्याशी कदी बोलले न्हाईत,” ती म्हणाली. पण तिचा चेहरा थोडा सैल झाला. अजूनही ती आल्यागेल्याला तुमची ती इच्छा सांगते.

आपला तसा फोन झालाच नव्हता. महिनाभर तुमचे फोन येत होते आणि मी सरावात आहे म्हणून कळवत होतो.

हे लिहिलेलं तुम्हाला पोचणार नाही. माय आहे, शेजारच्या खोलीत गहू निवडत बसली आहे. तिला वाचून दाखवता येईल. मी दाखवणार नाही.