अक्षरे पळून जाण्याचे दुःस्वप्न

श्रीगजाननाच्या कृपेने मज निर्मळ बुद्धी लाभो, आणि दुःस्वप्ने मनुष्यास कशासाठी पडतात याचा निर्णय मजकडून स्वतःपुरता तरी होवो.

शके १८६०, आषाढ शुद्ध तृतीया. मुक्काम हट्टा.
पहाटे पुन्हा तेच. मंदिरात पुराण सांगावयास बसलो आहे. पोथी उघडताच अक्षरे मुंग्यांप्रमाणे रांगेने उतरून निघून जातात. शास्त्राधारे अर्थ: मुंग्या म्हणजे श्रोतृवृंद. यंदा चातुर्मासात गर्दी वाढणार. एवढ्या शुभ स्वप्नातून मी किंचाळत का उठलो, याचा आधार सापडला नाही.

चतुर्थी.
पुन्हा. सौ. अनुसूया म्हणाली, "अहो, दिवसा जे बोलत नाही, ते तुम्ही झोपेत ओरडता. नजर अधू झाली आहे. चाळिशी घ्या की." स्त्रियांस स्वप्नशास्त्र कळत नाही. चाळिशी लावलेला पुराणिक कोणी पाहिला आहे? मंदिराचे पंच व्यंकटराव तत्काळ वसमतहून दुसरा आणतील. संकल्प: उशाखाली लोखंडी अडकित्ता.

पंचमी.
अडकित्ता कानास लागला. स्वप्न आलेच.

सप्तमी, सूर्योदयानंतर.
दुःस्वप्न गाईच्या कानात सांगितले की निष्फळ होते, ही वाडवडिलांची रीत. शेजारच्या ग्यानबाच्या गोठ्यात जाऊन सविस्तर सांगितले. गाईपलीकडे ग्यानबा धार काढीत होता, हे दिसले नाही. (गोठा अंधारा आहे.) म्हणाला, "महाराज, आमच्या गाईला काहून भेवडून राहिले? दूध चोरंल ना ती!" मी गंभीरपणे त्याच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तो खांब निघाला.

नवमी.
रात्रीचे भोजन वर्ज्य केले. स्वप्नात अक्षरांमागून पुरणपोळ्याही गेल्या.

एकादशी.
चातुर्मासाचा आरंभ. पाठांतर चोख; मग भय कसले? पोथी सुट्या पानांची. प्रत्येक पानावरचा लाल शाईचा मथळा तेवढा मला दिसतो. त्यावरून पुढचे मुखोद्गत म्हणतो. आज दोन पाने एकदम उलटली. स्वयंवरास निघालेला राजा थेट चितेवर गेला. पुढे बसलेली द्वारकाबाई ओरडली, "अगं बया! अक्षता पडायच्या आधीच मेला की!"

सारे मंदिर हसले. हेच ते स्वप्न. मी जागा होतो इतकेच. मग तोंडून कसे निघाले कोण जाणे: "मला दिसत नाही. ही जागा जाईल, याचे भय वाटते."

व्यंकटराव म्हणाले, "महाराज, मागल्या साली तर पोथी उलटी धरली होती तुमी. सांगता बराबर, म्हणून आमी चूप. चाळिशी आणू. जागा कुठं जाऊन राहिली?"

द्वादशी.
निःस्वप्न झोप. निर्णय: दुःस्वप्न म्हणजे आपल्याच भयाचा निरोप. दिवसा तो ऐकून घेतला, चारचौघांत उच्चारला, की रात्री पुन्हा येण्याचे त्यास कारण उरत नाही. (हे चिंतन सर्वस्वी माझे. सौ. अनुसूयेने केवळ आधी सांगितले.)

वद्य पंचमी.
चाळिशी आली. पोथी उघडली. एकही अक्षर हलले नाही. उद्याचा अध्याय सावकाश वाचला. त्यातील ऋषी माझ्या मुखाने प्रतिवर्षी राजास घोर शाप देत आले. गावच्या बायका त्यावर दरसाल डोळे पुसतात. पोथीत ऋषींनी वर दिला आहे.

हे जो कोणी वाचील, त्या सर्वांस परमेश्वर सुखनिद्रा देवो. आणि माझ्या श्रोत्यांस, उद्यापुरते का होईना, विस्मरण देवो.